पाटे वाढवलेत? मग मागचा ब्रेक तपासा
मासळी-बर्फासाठी पिकअपला जादा कमानपाटा टाकला की मागची बाजू उचलते. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ दांडीने जोडलेला लोड सेन्सिंग वॉल्व्ह (गाडीतला भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असतो. त्याला गाडी रिकामीच वाटते, मग तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. आंबा घाट उतरताना बराचसा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि ते तापतात. म्हणून पाटा बसवताच कंपनीच्या मापाने दांडी पुन्हा जुळवून घ्या. दांडी काढून टाकायला मुळीच सांगू नका: मागे पूर्ण दाब गेला तर रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात आधी जाम होऊ शकतात, गाडी फिरू शकते. मासळीचं खारं पाणी या वॉल्व्ह-दांडीजवळच ठिबकतं, तेव्हा गोड्या पाण्याने धुवा आणि गंजलेले ब्रेक पाइप बदला. ब्रेक ऑइल दर 2 वर्षांनी नवं. डॉट 4 प्रकारचं ऑइल ताजं असताना 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषलेलं 155 च्या आसपासच उकळू शकतं.