पाण्यात उभं पीक सुकतंय? अजून पाणी सोडू नका

पावसाची झड लागली की दरवेळी हेच बघायला मिळतं, वावरात पाणी तुंबलेलं, पाय ठेवला की चिखल, आणि तूर मिरची मात्र माना टाकून उभी, जणू महिनाभर पाणीच मिळालं नाही. मग ऊन पडलं की कोणी पाणी सोडतं, कोणी युरिया फेकतं. दोन्ही नको. आधी जमिनीखाली काय चाललंय ते बघा, शाळेतलंच विज्ञान आहे.

मुळं श्वास घेतात. पानं दिवसा ऑक्सिजन सोडतात म्हणून आपल्याला वाटतं झाडाला तो कशाला लागतोय, पण मुळाला उजेडच नाही, त्याला मातीच्या कणांमधल्या पोकळीतली हवाच लागते, आणि त्या पोकळीत पाणी भरलं की खेळ बिघडला कारण ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यात साधारण 10,000 पट हळू पसरतो. जो शिल्लक असतो तो मुळं आणि जिवाणू मिळून एक-दोन दिवसात संपवतात, उकाडा असला तर अजून लवकर. मग पेशी हवेशिवाय ऊर्जा बनवायला लागते, एका ग्लुकोजमागे जिथं 30 च्या आसपास एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळायचे तिथं फक्त 2. पेशीत आम्लता वाढते, मुळाची पाणी आत घ्यायची दारं बंद होतात, वर ऊन तापलेलं, पानातून पाणी उडतंच असतं. सुकणारच की झाड. (भाताचं काय? त्याच्या खोडात आणि मुळात हवेच्या पोकळ नळ्या असतात, वरची हवा थेट खाली जाते, म्हणून त्याच्याशी तुलना नको.)

पिवळेपणाचंही तसंच. हवा संपली की जमिनीतले काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो, मग झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी. तुंबलेल्या पाण्यात फेकलेला युरियाही बराचसा वाया जातो.

तर पहिलं काम म्हणजे उताराकडं चर काढून पाणी बाहेर काढा, बाकी सगळं नंतर. ओल्यात ट्रॅक्टर बैल घालू नका, माती दाबली की उरलीसुरली पोकळी पण जाते. वाफसा आला (चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिली) की हलकी कोळपणी, म्हणजे ओळींमधली वरवरची माती हलवणं, वरची पापडी फुटली की हवा आत जाते. मुळं सावरेपर्यंत खत पानातून द्या, 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया म्हणजे 2 टक्के, सकाळी किंवा संध्याकाळी, भर उन्हात मारलं तर पानं करपतील.

एक-दोन रोपं उपटून पण बघा. मूळ पांढरं कडक असेल तर पीक सावरतं. तपकिरी झालंय, साल बोटात निसटून येतीये, तर ती मूळकूज, तिथं युरियाने काही होत नाही. सोयाबीन, तुरीच्या मुळावरची गाठ नखाने फोडा, आतून गुलाबी म्हणजे हवेतलं नत्र धरायचं काम चालू, हिरवट किंवा तपकिरी म्हणजे बंद.