लेडी फिंगर कॅक्टस मधूनच सडतोय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

लेडी फिंगर म्हणजे मॅमिलेरिया इलाँगाटा, मूळचा मध्य मेक्सिकोतल्या कोरड्या डोंगराळ भागातला. नागपूरचं ऊन याला जाळून टाकेल अशी भीती सगळ्यांना असते, पण आपल्याकडे हा जास्त मरतो तो पावसाळ्यात, आणि तोही मधून.

याच्या बोटांएवढ्या कांड्या, 1 ते 3 सेंमी जाड, एकमेकींना खेटून वाढतात, वरून पिवळे वाकडे काटे एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे वरून टाकलेलं पाणी मध्ये अडकतं, हवा तिथं पोचत नाही, मग जुलै-ऑगस्टच्या दमटपणात ते वाळणार कधी? बाहेरच्या कांड्या मस्त दिसत असतात अन् आतल्या पार गेलेल्या. म्हणून गच्चीवरची कुंडी जूनच्या आधीच शेडखाली घ्या, पाणी कडेनं द्या, आणि मधल्या कांड्या अधूनमधून काडीनं दाबून बघा.

खालचा भाग तपकिरी झाला की लोक घाबरून अजून पाणी घालून राहिले, असं नका करू. तो भाग कडक, कोरडा, सालीसारखा असेल तर ते फक्त वय आहे. मऊ, पिवळट, पाणीदार लागला तर मात्र सड, मग स्वच्छ ब्लेडनं कापत वर जायचं, आत एकही तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत. उरलेला हिरवा तुकडा आठवडाभर सावलीत सुकवून कोरड्या रेतीत टेकवा, मुळं फुटतात.

आपली काळी माती तर याला अजिबात नको, पाणी धरून बसते. निम्म्याहून जास्त जाड रेती नाहीतर विटेचा चुरा, आणि उथळ मातीची कुंडी.

नर्सरीत ग्रीन नेटखाली वाढलेलं झाड एकदम नवतप्यात उन्हात ठेवलं तर डाग पडतात, ते नंतर जात नाहीत. उन्हाची सवय थंडीपासूनच लावा. कूलरच्या झोतात ठेवू नका, हवा ओली असते. पण अंधाऱ्या खोलीतही नको, शेंडे बारीक होऊन लांबत जातात.

डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळपास बंद. थंड, कोरडी विश्रांती मिळाली तरच नंतर शेंड्याजवळ फुलांचं कडं येतं. फुलं बारीक, फिकट पिवळी असतात, तेव्हा भलंमोठं लाल-गुलाबी फूल डोक्यावर असलेली कुंडी दिसली तर जवळून बघा, बहुतेक वेळा ते वाळलेलं फूल गोंदानं चिकटवलेलं असतं.