सबनेटिंग शिकायचं असेल तर तक्ते बाजूला ठेवा

सबनेटिंग म्हणजे एका मोठ्या नेटवर्कचे पत्ते लहान नेटवर्कमध्ये वाटणं. आयपी (आयपीव्ही४) पत्ता ३२ बिटचा, आठ-आठ बिटचे चार गट, प्रत्येक गट ० ते २५५. इथपर्यंत माहीत आहे असं धरून चालू या. द्विमान पद्धत येत नसेल तर १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ ही ओळ घेऊन अर्धा तास बसा, काम भागेल.

क्लास ए, बी, सी (पत्त्याच्या पहिल्या आकड्यावरून नेटवर्कचा आकार ठरवणारे जुने वर्ग) यांचं पाठांतर मात्र सोडा. १९९३ मध्ये सीआयडीआर (नेटवर्कचे बिट किती ते /२६ असं पत्त्यामागे लिहायची पद्धत) आलं आणि ते वर्ग निकालात निघाले, तरी शिकवण्यांत सुरुवात अजून त्यांच्यापासूनच होते. '१० ने सुरू होणारा पत्ता म्हणजे /८' हे एकदा डोक्यात बसलं की १०.२०.३०.०/२६ दिसल्यावर माणूस गांगरतो. पाठ करायचेच असतील तर खासगी पत्त्यांचे (फक्त आतल्या नेटवर्कसाठीचे, इंटरनेटवर न चालणारे) तीन पट्टे करा: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. मधला पट्टा १७२.३१ ला संपतो, १७२.३२ खासगी नाही.

१. मास्क वाचा. पत्त्यातले किती बिट नेटवर्कचे, ते मास्क सांगतो. /२६ म्हणजे २६ बिट नेटवर्कचे, उरले ६. दोनाचा सहावा घात ६४, त्यातून नेटवर्कचा पहिला पत्ता आणि ब्रॉडकास्टचा (सगळ्या यंत्रांना एकदम निरोप देण्याचा) शेवटचा, असे दोन वजा, वापरायला ६२.

२. ब्लॉकची हद्द काढा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, म्हणून इथे घाई नको. दरवेळी ३२ बिट लिहून काढायचा सल्ला मिळतो; तो एकदा समजून घेण्यापुरता ठीक, रोजच्या कामाला निरुपयोगी.

मास्कमधला जो गट २५५ही नाही आणि ०ही नाही, तेवढाच बघा. तो २५६ मधून वजा केला की ब्लॉकचा आकार मिळतो, आणि ब्लॉक कायम त्या आकाराच्या पटीतच सुरू होतो. १९२.१६८.१०.७७/२७ घ्या. पहिले २७ बिट १, बाकी ०, म्हणजे मास्क २५५.२५५.२५५.२२४. शेवटचा गट २२४, ब्लॉक ३२ चा. पटी ०, ३२, ६४, ९६. ७७ हा ६४ आणि ९६ च्या मध्ये, म्हणून नेटवर्क ६४. ब्रॉडकास्ट शोधत बसू नका. पुढच्या नेटवर्कमधून एक वजा करा, ९५. यंत्रांना ६५ ते ९४.

आता १७२.१६.३७.२००/२०. मास्क २५५.२५५.२४०.०, म्हणजे बघायचा गट तिसरा आणि ब्लॉक १६ चा. ३७ येतो ३२ आणि ४८ च्या मध्ये. नेटवर्क १७२.१६.३२.०, पुढचं १७२.१६.४८.०, म्हणून ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. बरेच जण इथे १७२.१६.३२.२५५ लिहून मोकळे होतात. शेवटी ० आलं की नेटवर्क आणि २५५ आलं की ब्रॉडकास्ट, ही /२४ ने लावलेली खोड आहे. या ब्लॉकमध्ये १७२.१६.३३.० आणि १७२.१६.३३.२५५ हे दोन्ही यंत्राला देता येण्याजोगे पत्ते आहेत. हे पटेपर्यंत पुढे जाऊ नका. सबनेट कॅल्क्युलेटर उत्तर पडताळायला उघडा, काढायला नको.

मास्क चुकला तर सगळं बंद पडत नाही, हीच खरी डोकेदुखी. ७७ वाल्या यंत्राला /२७ ऐवजी /२४ दिला, तर १३० हा पत्ता त्याला आपल्याच नेटवर्कमधला वाटतो. ते गेटवेकडे (नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरकडे) न जाता एआरपीने (हा आयपी पत्ता कोणाचा, असं आपल्याच नेटवर्कमध्ये विचारायची पद्धत) थेट हाका मारत बसतं. राउटरवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने एआरपीला उत्तर देणं) चालू असेल, सिस्कोच्या राउटरवर ते मुळातच चालू असतं, तर राउटरच ओ देतो आणि चूक झाकली जाते. पुढे राउटर बदलतो, आणि सगळे नव्या राउटरला दोष देतात.

३. मोठ्यापासून वाटप करा. एका महाविद्यालयाला १९२.१६८.१०.०/२४ मिळालंय. प्रयोगशाळेत १०० यंत्रं, कार्यालयात ५०, ग्रंथालयात २५, आणि दोन राउटरमधल्या लिंकला २ पत्ते. इथून पुढे पत्त्याचा फक्त शेवटचा गट: प्रयोगशाळेला ०/२५, कार्यालयाला १२८/२६, ग्रंथालयाला १९२/२७, लिंकला २२४/३०. लहानापासून सुरुवात केलीत तर लिंकने ० ते ३ घेतले की हात आपोआप ४/२७ लिहितो, आणि ४ काही ३२ च्या पटीत नाही. मोजताना गेटवेही धरा: बरोबर ३० यंत्रांना /२७ दिलं तर राउटरला पत्ता उरत नाही.

४. राउटिंग दोन्ही बाजूंनी लिहा. राउट म्हणजे कोणतं नेटवर्क कुठल्या दिशेला, हे राउटरला सांगणारी ओळ. पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडणी करा. प्रयोगशाळा पहिल्या राउटरवर, बाकी दोन्ही विभाग दुसऱ्यावर. लिंकचे पत्ते अनुक्रमे २२५ आणि २२६. पहिल्यावर १२८/२६ आणि १९२/२७ साठी २२६ कडे राउट, दुसऱ्यावर ०/२५ साठी २२५ कडे. हा दुसरा, परतीचा राउट विसरला जातो. पॅकेट जातं, उत्तराला वाट नसते, आणि पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते तपासणारी आज्ञा) 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणतं. पहिल्या राउटरवरून केलेला पिंग मात्र चालतो, कारण त्याचा उगम २२५ असतो आणि ती लिंक दुसऱ्या राउटरला थेट जोडलेली असते. म्हणून राउटरवरून तपासताना सोर्स (पॅकेट ज्या पत्त्यावरून निघतं तो) प्रयोगशाळेच्या बाजूचा द्या. पहिलंच पिंग हुकलं तर घाबरू नका, ते एआरपीत गेलेलं असतं. खऱ्या विंडोज यंत्रावर मात्र राउटला हात लावण्याआधी फायरवॉल पिंग अडवत नाही ना, ते बघा.

पहिल्या राउटरवर दोन राउटऐवजी १२८/२५ हा एकच लिहिला तरी चालतं. लिंकचा /३० त्याच्या पोटात येतो, पण राउटर सर्वांत लांब जुळणारा मास्क निवडतो, त्यामुळे लिंक सुरक्षित राहते. अडचण न वापरलेल्या पत्त्यांची. दुसऱ्या राउटरचा डिफॉल्ट राउट (दुसरा कुठलाच राउट जुळला नाही तर वापरायचा) २२५ कडे असेल, तर २४० ला निघालेलं पॅकेट टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकाने घटणारा आकडा) संपेपर्यंत दोघांमध्ये हेलपाटे घालतं. ट्रेसराउट या पॅकेटची वाट दाखवणाऱ्या आज्ञेत तेच दोन पत्ते आलटून पालटून दिसतात. उपाय: दुसऱ्या राउटरवर १२८/२५ चा राउट 'नल ०' कडे (आलेलं पॅकेट टाकून देणारा नावापुरता इंटरफेस) वळवा. कार्यालय आणि ग्रंथालयाला धक्का लागत नाही, त्यांचे मास्क जास्त लांब आहेत.