ताडोबाला जाताय? बुकिंग करण्याआधी या चुका टाळा

मी चंद्रपूरची, त्यामुळे दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईकडच्या नातेवाईकांचे, त्यांच्या मित्रांचे, मित्रांच्या ऑफिसातल्या लोकांचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वाघ नक्की दिसेल ना?" गेली पंधराएक वर्षं मी लोकांना ताडोबात घेऊन जातेय आणि खरं सांगते, त्याच त्याच चुका बघून आता जीव थकलाय. जंगलाला त्रास न देता आणि तिथल्या माणसांचं नुकसान न करता सफारी करणं अवघड अजिबात नाही, पण त्याचा विचार घरी बसून बुकिंग करतानाच करावा लागतो, गेटवर पोचल्यावर फार उशीर झालेला असतो.

ड्रायव्हरकडून वाघाची गॅरंटी मागणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मी स्वतः त्यात सामील झालेली आहे म्हणून सविस्तर सांगते.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. माझा पुण्याचा आत्तेभाऊ त्याच्या तीन मित्रांना घेऊन आला होता. बफरच्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्याच्या, एका गेटवरून सकाळची सफारी. जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, चालवणारा पंचविशीतला पोरगा, शेजारच्याच गावचा, आणि गाईड त्याच्या काकाच्या वयाचा. तासभर काहीच नाही, मग सांबराचा धोक्याचा कॉल आला, पाठोपाठ माकडं ओरडायला लागली आणि वळणावर पोचलो तर रस्त्याच्या डाव्या अंगाला बांबूत वाघीण बसलेली. पोराने तीसेक पावलांवर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि हळूच म्हणाला, "थांबा जी, पिल्लं पलीकडे हायेत, ती इथूनच रस्ता वलांडून जाईन."

तेवढ्यात मागून गाड्या यायला लागल्या. चार, सहा, दहा, शेवटी मी मोजल्या तेव्हा चौदा होत्या. एक गाडी आमच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि भावाच्या मित्राचा धीर सुटला. "अरे त्याच्या पुढे घे ना, हजार रुपये देतो तुला." गाईड नको नको म्हणत होता. पोराने एकदा गाईडकडे बघितलं, एकदा मागे, आणि गाडी घेतली पुढे. मग सगळ्यांनीच घेतल्या. वाघीण उठली, दोन पावलं रस्त्यावर आली, समोर गाड्यांची भिंत, कान मागे पाडून तशीच उलटी बांबूत शिरली. पिल्लं पलीकडच्या गवतात, आई अलीकडे. आम्ही गेटची वेळ झाली म्हणून निघालो तेव्हाही ती ओलांडलेली नव्हती.

नंतर कुणीतरी कॅमेऱ्यातला फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, त्यात आमच्या जिप्सीचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. ड्रायव्हर आणि गाईड दोघांचंही काम महिनाभर बंद. ऐन सीझनमध्ये. जिप्सी कर्जावर घेतलेली, हप्ता थांबत नाही. आमची चौघा-पाच जणांची नावं कुठेच आली नाहीत, आम्ही आपापल्या घरी होतो. त्या पोराच्या घरी मी गेले तेव्हा त्याची आई काही बोलली नाही, फक्त पाणी आणून दिलं. पुढे घे म्हणणारा माणूस आमचा होता आणि मी मागच्या सीटवर गप्प बसले होते, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आणि हे फक्त आमच्या गाडीत झालं असं नाही. 2024 च्या 31 डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिची पाच पिल्लं अशीच जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली होती, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. निलंबित कोण झालं? ड्रायव्हर आणि गाईड. घाई पर्यटकाची असते आणि भाकरी स्थानिकाची जाते, हे गाडीत बसण्याआधी लक्षात घ्या.

आता मी काय करते ते सांगते. गेटच्या आत जाण्याआधीच सगळ्यांसमोर ड्रायव्हरला म्हणते, "दादा, वाघ नाही दिसला तरी आमची तक्रार नाही, गर्दी असेल तिथे गाडी मागेच ठेवा." सगळ्यांसमोर म्हणायचं, कारण ते आपल्या लोकांनीही ऐकायला हवं. ड्रायव्हरच्या खांद्यावरचं ओझं तिथेच उतरतं, त्याचा चेहरा बघा तुम्ही. जनावरापासून किमान 20 मीटर अंतर हा नियमच आहे, पण माझ्या मते पिल्लंवाली वाघीण असेल तर त्याच्या दुप्पट ठेवा आणि रस्त्याची पुढची बाजू मोकळी सोडा.

राहायची जागा फक्त स्विमिंग पूल बघून ठरवणं

चंद्रपूरचा मे महिना म्हणजे 45 अंशांच्या वरच. त्यात लोकांना हिरवं लॉन, पूल आणि रात्री गार्डनमध्ये म्युझिक हवं असतं. हे पाणी कुठून येतं? बहुतेक ठिकाणी बोअरमधून, आणि त्याच जमिनीखालचं पाणी शेजारच्या गावाची हापशीही ओढते. एकदा एका ग्रुपसाठी मी अशा रिसॉर्टमध्ये गेले होते, तिथे लग्नाची पार्टी चालू, डीजे आणि झाडांवर सोडलेले फोकस. जंगल तिथून हाकेच्या अंतरावर. रात्री अकरा वाजता मी खोलीबाहेर उभी होते आणि एरवी त्या भागात ऐकू येणारा रातवा पक्ष्याचा आवाजसुद्धा कानावर येत नव्हता.

सगळे रिसॉर्ट वाईट असं मी म्हणत नाही. पण बुकिंगआधी फोन करून चार गोष्टी विचारा. इथे काम करणारी माणसं कुठल्या गावची आहेत, त्यातली किती वर्षभर कामावर असतात? बाहेरचे लाईट किती वाजता बंद करता? ओला कचरा आणि सांडपाणी कुठे जातं? जनावरांच्या वाटेवर भिंत किंवा तारेचं कुंपण आहे का? जो खरंच काही करतोय तो खुशीने पाच मिनिटं बोलतो. जो "मॅडम, आमचं इको रिसॉर्ट आहे" एवढंच म्हणून रेट सांगायला लागतो, तिथे मी जात नाही. नावात इको आणि छतावर गवत घातल्याने काही होत नाही.

मी स्वतः आता बफरमधल्या एखाद्या गावात होमस्टेला राहते. ज्या घरी जाते तिथल्या काकू मार्चमध्ये पहाटे चारला उठून मोहफुलं वेचायला जातात. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. अंधारात टॉर्चच्या उजेडात खाली वाकून एकेक पिवळसर, रसाळ फूल टोपलीत टाकायचं, वास इतका गोड की डोकं जड होतं, आणि दर थोड्या वेळाने काकू कंबर सरळ करून मोठ्याने खाकरायच्या. मला वाटलं घसा धरलाय. त्या म्हणाल्या, "आपण हाओत इथं म्हणून त्याले समजाले पायजे ना." त्याले म्हणजे वाघाला. खाली वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. आपण जिप्सीत बसून जो वाघ बघायला पैसे देतो, त्याच्याशेजारी ही माणसं रोज जगतात. मग आपल्या पैशातला काही भाग त्यांच्या चुलीपर्यंत पोचायला नको का? सुट्टीचा सगळा खर्च पुण्यात बसलेल्या पॅकेजवाल्याला देऊन इथे येणं मला पटत नाही. दोन रात्री असतील तर एक तरी गावात राहा, जेवण तिथेच करा, मोहाचे लाडू नाहीतर घरचा तांदूळ विकत घेऊन जा.

फक्त कोअरच पाहिजे म्हणून अडून बसणं

"बफर म्हणजे सेकंड क्लास ना?" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. नाही. कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, साधारण 625 चौरस किलोमीटर आणि बफर त्याहून मोठं, 1100 च्या आसपास. वाघाला त्या दोघांमधली रेष दिसत नाही. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं, त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोअरच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटन करता येतं, म्हणून गाड्या मोजक्या आणि बुकिंग झटकन संपतं. मग लोक दलालाला दुप्पट पैसे देतात, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. सरकारी साईटवरूनच बुक करा, नाव आणि आयडी नंबर नीट टाका कारण गेटवर तपासतात, आणि कोअर मिळालं नाही तर आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा असं बफरचं एखादं गेट घ्या. बफरच्या गेटमुळे आसपासच्या गावातल्या पोरांना गाईडचं आणि जिप्सीचं काम मिळतं, आता काही ठिकाणी मुलीही गाईड आहेत आणि जिप्सीही चालवतात.

कोअर मिळालंच तर एक करा. जामणीच्या कुरणात गाडी थांबली की गाईडला विचारा हे गवत इथे कसं आलं. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत तिथे गाव होतं, शेतं होती, नवेगावचंही तसंच. माणसं उठून बाहेर गेली म्हणून आज तिथे चितळं आणि गवे चरतात. ते ऐकल्यावर त्या कुरणाकडे बघायची नजर बदलते, माझी तरी बदलली.

बाकीच्या चुका, थोडक्यात

प्लास्टिकची बाटली नेऊ नका, स्टीलची न्या. 2024 च्या सुरुवातीला रामदेगीकडचा वाघ पाण्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चाललाय असा व्हिडिओ फिरला होता, ती बाटली कुणीतरी माणसानेच टाकलेली होती.

लाल-केशरी टीशर्ट आणि सेंट, दोन्ही घरी ठेवा.

मोबाईल नेता येत नाही म्हणून गेटवर भांडू नका, "वाघ दिसला" हा मेसेज गेला की चौदा गाड्या कशा जमतात ते वर सांगितलंच.

माकडांना बिस्किट देऊ नका. एकही नाही.

मंगळवारी कोअर बंद असतं आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबरही बंद असतं, ट्रेनचं तिकीट काढून झाल्यावर मला हे विचारू नका.

एका जिप्सीत सहा जणांची जागा असते, दोघंच असाल तर आणखी कुणाबरोबर शेअर करा, तेवढीच एक गाडी कमी.

तिथे गेल्यावर काही बिनसलं तर

ड्रायव्हर स्वतःच गाडी पळवत असेल तर ओरडू नका. बहुतेक वेळा त्याला आधीच्या दहा पर्यटकांनी तशी सवय लावलेली असते. शांतपणे "दादा, हळू घ्या, आम्हाला पक्षी बघायचेत" म्हणा, हे हमखास चालतं, आणि खरोखर बघाही. तरी ऐकलंच नाही तर बाहेर आल्यावर गेटवर तक्रार लिहून द्या, पण वेळ आणि काय झालं ते नेमकं लिहा, रागाच्या भरात कुणाचं काम जाईल असं वाढवून लिहू नका.

बरोबरचाच कुणी घाई करायला लागला तर पहिल्याच वाक्याला थांबवा. मी दुसऱ्या वाक्याची वाट बघत बसले होते.

वाघ दिसलाच नाही आणि मुलं हिरमुसली, असं झालं तर गाईडला वाघाव्यतिरिक्त विचारा. पांढऱ्या खोडाचं भुताचं झाड, अस्वलाने नखांनी ओरबाडलेला मोह, तलावातली मगर, रानकुत्र्यांची टोळी. ताडोबा हे नाव ज्या तारू नावाच्या गावप्रमुखावरून पडलं तो वाघाशी झुंजताना गेला आणि मग तलावाकाठी त्याचं ठाणं झालं, ही गोष्ट गावच्या गाईडच्या तोंडून ऐका. माझी नऊ वर्षांची भाची एका सकाळी वाघाशिवाय परत आली आणि आठवडाभर फक्त रानकुत्र्यांबद्दल बोलत होती, शिट्टी वाजवून एकमेकांना बोलावतात म्हणून.

आणि टिप. वाघ दिसला तर पाचशे, नाही दिसला तर पन्नास, असं करू नका, त्या पोराला गाडी पुढे घ्यायला तिथूनच भाग पडतं. मी आदल्या रात्री दोन पाकिटं भरून ठेवते, एक ड्रायव्हरचं, एक गाईडचं, आणि सकाळी काहीही दिसो, तीच देते.