पगार एका खात्यात, खर्च दुसऱ्या खात्यातून

कुडाळ, चंदगड, कोल्हापूर, बेळगावहून वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत नाहीतर कळंगुट-बागाच्या हॉटेलांत नोकरीला आलेली मुलं मला हमखास विचारतात, "गोव्यात महिन्याला किती लागतात?" एका आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण इथलं वर्ष सपाट नाही. नोव्हेंबर ते मार्च सीझन. हॉटेलवाल्यांना ओव्हरटाइम मिळतो, टिपा मिळतात. पावसात किनाऱ्यावरचे शॅक (तात्पुरती खाण्याची हॉटेलं) मोडून ठेवलेले असतात आणि कामही कमी होतं. खर्च मात्र नेमका तेव्हाच वाढतो. मे महिन्यात इथली घरं पुरुमेंत भरतात, म्हणजे तांदूळ, मिरची, सोलं, सुकी मासळी अशी पावसाळ्याची बेगमी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी महाग. पाठोपाठ चतुर्थी येते आणि गावी मोकळ्या हातांनी जाववत नाही.

म्हणून पहिल्या पगाराआधी एक काम करा. कंपनीने काढून दिलेल्या पगाराच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. दुसऱ्या बँकेत किमान शिल्लक ठेवावी न लागणारं बचत खातं उघडा आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. पगाराच्या बँकेच्या ॲपमध्ये स्टँडिंग इन्स्ट्रक्शनची सोय असते. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खोलीचं भाडं, आईवडिलांना पाठवायचे पैसे आणि आरडीचा (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीचा) हप्ता आपोआप जाईल असं लावून टाका. उरलेल्यातली आठवड्यापुरती रक्कम दर आठवड्याला खर्चाच्या खात्यात पाठवा. ॲपवरून केलेल्या एनईएफटीला (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याला) बचत खात्यावर शुल्क नाही आणि ती चोवीस तास चालते. मोबाइलवर एकच मोठी शिल्लक दिसत राहिली की ती सगळी खर्चायची आहे असं वाटतं. मी कितीतरी मुलांचा पगार असा वीस तारखेच्या आत संपलेला पाहिला आहे.

आरडी लावताना मुदत मे महिन्यात संपेल अशी लावा. सीझनमधली जास्तीची कमाई तिथे ठेवली की पावसाळा सुखाचा जातो.

आता खर्चाचा हिशेब. बहुतेक ॲप खर्चाचे गट आपोआप पाडून दाखवतात, पण त्यावर विसंबू नका. पोदेराच्या (पाववाल्याच्या), मासळीवालीच्या किंवा रस-ऑम्लेटच्या गाड्यावरच्या क्यूआरमागे मुलाचं नाहीतर सुनेचं नाव असतं. स्टेटमेंटमध्ये तेच नाव येतं आणि ॲप ते 'इतर' मध्ये ढकलून देतं. पैसे देतानाच शेऱ्याच्या रकान्यात 'मासे', 'पाव', 'पेट्रोल' एवढं लिहा. महिनाअखेरीस त्याच शब्दांवरून स्टेटमेंट वाचता येतं.

चहा-पाव, बसचं तिकीट अशा बारीक खर्चांना यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलंच छोटं पाकीट, वापरा. त्यात एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येतात, आणि एकूण ५,००० रुपयांपर्यंतच ठेवता येतात. आठवड्याचे ठरावीक पैसे भरा आणि आपोआप भरणारं टॉप-अप बंद ठेवा. लाइटमधले पैसे संपले म्हणजे त्या आठवड्याचा वरखर्च संपला. रोज कामाला जायला कदंबचा (गोव्याच्या सरकारी बसचा) महिन्याचा पास काढलात तर तिकिटाचा खर्चही एकदाच धरता येतो. पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही दगा देतात, म्हणून थोडी रोकड जवळ असू द्या.

खोलीच्या बाबतीत फार सांभाळा. नवीन माणसाची घाई ओळखून फोटो पाठवणारे आणि 'टोकन' मागणारे भामटे आहेत. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, मालकाला भेटल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. 'डिपॉझिट परत करतो, पिन टाका' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलात तर लाजू नका, तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. भाडं रोख न देता खात्यातून द्या, म्हणजे प्रत्येक महिन्याचा पुरावा राहतो. वीजबिल मालकाच्या नावावर येतं. ग्राहक क्रमांक मागून घ्या, मीटरचं रीडिंग जुळवा आणि ॲपमधून स्वतःच भरा.

शेवटी, ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून बघा. कधीतरी एक महिना फुकट म्हणून घेतलेलं काहीबाही तिथे दर महिन्याला पैसे कापत असतं. नको ते तिथूनच रद्द करता येतं.