हिरवळ आणि वाफे: तण, कीड व माती यांची कामे कोणत्या क्रमाने करावीत

हिरवळीत एखाद्या ठिकाणी तण माजले की आपला हात आधी खुरप्याकडे किंवा तणनाशकाच्या बाटलीकडे जातो. वास्तविक तेथील गवत विरळ का झाले हे आधी पाहायला हवे, कारण उघडी पडलेली जमीन फार काळ रिकामी राहत नाही. सततच्या वावराने दबलेली माती, साचणारे पाणी, दाट सावली किंवा फार खालून कापलेले गवत यांपैकी एखादे कारण बहुधा सापडते, आणि ते दूर केल्याशिवाय काढलेले तण त्याच जागी पुन्हा उगवते.

म्हणून सुरुवात मातीपासून करावी. सुमारे 30 सेंटीमीटर खोल खड्डा पाण्याने भरून ते पूर्ण जिरू द्यावे, मग तो पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरते ते मोजावे. तासाला 2 ते 5 सेंटीमीटर पाणी उतरत असेल, तर निचरा ठीक आहे असे समजावे. त्याहून फार कमी उतरत असेल, तर वाफ्यात पूर्ण कुजलेल्या कंपोस्टचा 3 ते 5 सेंटीमीटरचा थर पसरून तो वरच्या 15 सेंटीमीटर मातीत मिसळावा. चिकण मातीत थोडी वाळू घालण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, तो मानू नये, कारण तेवढ्या वाळूने माती मोकळी न होता उलट अधिक घट्ट बसू शकते. ओल्या मातीची खणणीही टाळावी. मूठभर मातीचा गोळा बोटाने दाबताच फुटला, तरच काम सुरू करावे. हिरवळ खणता येत नाही, म्हणून तेथे बागकामाच्या काट्याने 8 ते 10 सेंटीमीटर खोल छिद्रे पाडून त्यांत चाळलेले कंपोस्ट झाडूने सारावे.

मातीचा सामू, म्हणजे तिची आम्ल-विम्लता दाखवणारा आकडा (pH), 6 ते 7 च्या दरम्यान असेल, तर बहुतेक गवते आणि फुलझाडे समाधानाने वाढतात. तपासणीसाठी 8 ते 10 ठिकाणांहून 10 ते 15 सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घेऊन ती एकत्र करावी आणि तिचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. अहवाल हाती येण्यापूर्वी चुना टाकू नये, कारण सामू गरजेपेक्षा वाढला की झाडाला लोह मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

हिरवळीतील तणावरचा उत्तम उपाय, माझ्या मते, गवत योग्य उंचीवर राखणे हाच आहे. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. दाट गवताच्या सावलीत तणाच्या बियांना उजेड मिळत नाही आणि त्यातील पुष्कळशा उगवतच नाहीत. वाफ्यांतही हेच तत्त्व लागू पडते. तेथे खुरपणी 2 ते 3 सेंटीमीटरपेक्षा खोल करू नये, नाहीतर खाली दबलेले बी वर येते. त्यानंतर पालापाचोळ्याचे किंवा लाकडाच्या सालींचे 5 ते 7 सेंटीमीटरचे आच्छादन द्यावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये.

लव्हाळ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या जमिनीखालच्या गाठी एकमेकींना जोडलेल्या असतात. वरचा भाग उपटला तर गाठ खालीच राहते आणि नवा कोंब काढते. ओल्या मातीतून गाठीसकट काढता आले तर उत्तमच, अन्यथा दर दोन-तीन आठवड्यांनी, नव्या गाठी धरण्याआधीच, कोंब कापत राहावे. गाठींमधला साठा संपेपर्यंत हे चालू ठेवावे लागते आणि त्याला एखादा हंगाम पुरत नाही. गाजर गवत मात्र फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट काढावे, कारण त्यामुळे त्वचेला आणि श्वसनमार्गाला त्रास होऊ शकतो. बी धरलेले कोणतेही तण घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नये. लहान ढीग बहुधा बी मारण्याइतका तापत नाही.

तणनाशक वापरायचेच असेल, तर वारा नसताना आणि लेबलवरील मात्रेतच वापरावे, आणि फवारलेल्या गवताची कापणी आच्छादनासाठी घेऊ नये.

किडींच्या बाबतीत आधी पानांची खालची बाजू पाहावी. मावा, पांढरी माशी आणि लाल कोळी (पानांचा रस शोषणारे अगदी बारीक जीव) तेथेच सापडतात. नत्रयुक्त खत जास्त झाले की कोवळी, रसाळ वाढ होते आणि माव्याला आयतेच खाद्य मिळते, त्यामुळे औषधाआधी खताची मात्रा तपासावी. खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर त्या बहुधा माव्याचा गोड स्राव खाण्यासाठी येतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. मुंग्यांना अटकाव केला, तर ढालकिडे (लेडीबर्ड) आणि त्यांच्या अळ्या मावा आटोक्यात आणू शकतात. तेवढ्याने भागले नाही, तर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, आणि मग लेबलनुसार निंबोळी तेल, तेही आधी दोन-चार पानांवर पारखून, मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी फवारावे.

हिरवळ ठिपक्या-ठिपक्यांनी वाळत असेल आणि ओढताच सतरंजीसारखी उचलली जात असेल, तर हुमणीचा संशय घ्यावा. 30 सेंटीमीटर लांब-रुंद तुकडा उकरून पांढऱ्या, वाकड्या अळ्या मोजाव्यात. चार-पाचच निघाल्या, तर निरोगी गवत तेवढे नुकसान बहुधा सोसते. उचललेला तुकडा परत दाबून बसवावा आणि मुळे धरेपर्यंत त्याला नियमित पाणी द्यावे.