पुण्याहून फ्रान्सच्या पायवाटांवर: ल प्वी ते कोंक पदयात्रेची आखणी

फ्रान्सच्या ग्रामीण भागात आखलेल्या आणि खुणा केलेल्या पायवाटांचे जाळे फार मोठे आहे. त्यामुळे पुण्यातून सुट्टी काढून जाणारा माणूस नकाशा पाहूनच मोहात पडतो आणि दोन आठवड्यांत अल्सासमधली द्राक्षमळ्यांची गावे, बर्गंडी आणि दक्षिणेकडचे डोंगर असे सगळे बसवू लागतो. अशा आखणीत निम्मे दिवस रेल्वेत जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच सलग वाट निवडावी, आणि माझ्या मते ती ल प्वी-आं-वले ते कोंक ही असावी. 'जीआर ६५' या लांब पल्ल्याच्या वाटेचा हा सुमारे २०० किलोमीटरचा पहिला भाग आहे. स्पेनमधील सांतियागोकडे जाणाऱ्या मध्ययुगीन यात्रामार्गांपैकी एक मार्ग इथूनच जातो. फ्रान्समधील या यात्रामार्गांचे निवडक भाग आणि त्यांवरील वास्तू १९९८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

आखणी करताना रोजचे अंतर आधी ठरवावे. सिंहगड किंवा राजगड एका दमात चढणाऱ्यांना पंचवीस-तीस किलोमीटर सहज जमतील असे वाटते आणि पहिले दोन दिवस ते जमतातही. परंतु इथे रोज चालायचे असते आणि वाटेवरची गावे पाहण्यासाठी अंगात त्राण उरायला हवे. म्हणून सरासरी १५ ते २० किलोमीटर धरावेत, सकाळी आठच्या आत निघावे आणि दुपारी दोन-तीनपर्यंत मुक्कामी पोहोचावे. या हिशेबाने कोंकपर्यंत दहा-अकरा दिवस लागतात. पुण्यातल्या सरावातही हेच धोरण ठेवावे. महिन्यातून एकदा कात्रज ते सिंहगड करण्यापेक्षा शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस, पाठीवर यात्रेत असेल तेवढेच वजन आणि पायांत तेच बूट घेऊन चालणे अधिक उपयोगी पडते. नवे बूट घालून थेट विमानात बसू नये.

ल प्वीला निदान एक पूर्ण दिवस द्यावा. हे शहर ज्वालामुखीच्या प्रदेशात वसले आहे आणि त्याच्या मधोमध गोठलेल्या लाव्हाचे सुळके उभे आहेत. त्यांपैकी सुमारे ८० मीटर उंच सुळक्यावर दहाव्या शतकातले सँ-मिशेलचे प्रार्थनामंदिर आहे, तिथे २६८ पायऱ्या चढून जावे लागते. शेजारच्या खडकावरचा मेरीचा भव्य पुतळा १८६० मध्ये उभारला गेला, तो क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलला जिंकलेल्या तोफा वितळवून. इथला बिशप गोदेस्काल्क ९५०-५१ मध्ये सांतियागोला जाऊन आला. फ्रान्समधून तिकडे गेलेल्या, नावानिशी माहीत असलेल्या सर्वांत जुन्या यात्रेकरूंमध्ये त्याची गणना होते. आजही कॅथेड्रलमध्ये सकाळी सात वाजता यात्रेकरूंसाठी प्रार्थना होते आणि त्यानंतर लोक पायऱ्या उतरून थेट वाटेला लागतात. श्रद्धेचा भाग नसला तरी निघण्याची वेळ म्हणून ती सोयीची आहे.

पहिला मुक्काम सँ-प्रिव्हा-दालिए इथे करावा. दुसऱ्या दिवशी आलिए नदीच्या खोऱ्यात मोनिस्त्रोलपर्यंत तीव्र उतार आणि लगेच तितकीच दमवणारी चढण येते. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी चालण्याच्या काठ्या याच दिवसासाठी न्याव्यात. पुढे सोग आणि ओमों-ओब्राक ही गावे मागे पडली की ओब्राकचे पठार लागते, आणि संपूर्ण वाटेतला सर्वांत देखणा भाग तोच. उंची १,३०० मीटरच्या आसपास, झाडे विरळ, दगडी बांधांच्या मधून जाणारी वाट आणि दोन्ही बाजूंना पिंगट रंगाच्या गाई. कुरणांची फाटके ओलांडली की ती पुन्हा लावायची, हा नियम कटाक्षाने पाळावा. धुके इथे अचानक उतरते. पठारावरील ओब्राक या वस्तीत बाराव्या शतकात यात्रेकरूंसाठी रुग्णालय आणि धर्मशाळा स्थापन झाली होती आणि धुक्यात भरकटलेल्यांना दिशा कळावी म्हणून तिथे घंटा वाजवली जात असे. मे महिन्यातही या भागात गरम कपडे आणि चांगला रेनकोट हाताशी ठेवावा. नास्बिनाल ते सँ-शेली-दोब्राक हा १७ किलोमीटरचा तुकडा वारसा यादीत आहे, त्यामुळे अंतर वाचवण्यासाठी तो वाहनाने उरकू नये.

पठारावरून उतरल्यावर लोत नदीच्या काठची सँ-कोम-दोल्त, एस्पालियों आणि एस्तँ ही गावे एकामागून एक येतात. जुने दगडी पूल, पाटीच्या दगडांची छपरे आणि एस्तँचा नदीवर झुकलेला किल्ला पाहायचा असेल तर इथले टप्पे मुद्दाम छोटे ठेवावेत. कोंकला शक्य असल्यास दोन रात्री राहावे. सँत-फुआच्या मठाच्या दारावरील बाराव्या शतकातल्या अंतिम न्यायाच्या शिल्पपटात १२४ आकृती आहेत. नरकातल्या कंजुषांपासून स्वर्गातल्या संतांपर्यंत एकेक ओळखायला वेळ लागतो, आणि दिवसाचे पर्यटक निघून गेल्यावर संध्याकाळच्या प्रकाशात ते काम अधिक निवांतपणे होते.

वाट चुकण्याची भीती फारशी बाळगू नये. लांब पल्ल्याच्या वाटेवर झाडांवर, खांबांवर आणि दगडांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या असतात. दोन आडव्या समांतर पट्ट्या म्हणजे वाट बरोबर, फुली म्हणजे चुकीची, आणि खाली बाण असेल तर वळायचे. नुसत्या पिवळ्या पट्ट्या गावाभोवतीच्या छोट्या फेरफटक्याच्या असतात, त्यांच्या मागे जाऊ नये. पंधरा मिनिटे एकही खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत परत यावे.

मुक्कामासाठी 'जीत देताप' नावाची पदयात्रींची निवासस्थाने असतात. रात्रीचे जेवण, बिछाना आणि सकाळची न्याहारी मिळून माणशी साधारण ४५ ते ६० युरो लागतात. मे, जून आणि सप्टेंबर हे चालण्याचे उत्तम महिने असल्याने याच काळात जागा भरतात. विशेषतः मे महिन्यातल्या सुट्ट्यांसाठी काही महिने आधी आरक्षण करावे. नोव्हेंबर ते मार्च अनेक निवासस्थाने बंद असतात. बूट दाराशी काढून ठेवण्याची तिथली पद्धत आपल्याला शिकवावी लागत नाही. दिंडीचा ट्रक जसा सामान पुढच्या मुक्कामी नेतो तशी सेवा पैसे देऊन मिळते. ती घेतल्यास पाठीवर फक्त पाणी, खाऊ आणि रेनकोट उरतो. कमीपणा न मानता ती घ्यावी.

शाकाहारी मंडळींनी आरक्षण करतानाच तसे लेखी कळवावे, कारण जेवण साडेसातच्या सुमारास सर्वांना एकत्र आणि एकच वाढले जाते. ल प्वीची हिरवी मसूर प्रसिद्ध आहे, पण ती बहुधा डुकराच्या मांसासोबत शिजवलेली असते. ओब्राकचे आलिगो, म्हणजे ताजे चीज घोटून तारा सुटेपर्यंत फेटलेला बटाटा, पोटभरीचा पर्याय आहे. मात्र चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट, म्हणजे दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ, असते, हे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. लहान गावांतील दुकाने दुपारी आणि रविवारी बंद असतात व एटीएम दूरदूर असतात, म्हणून पुरेशी रोख रक्कम आणि एका जेवणापुरता शिधा जवळ हवा. पुण्यात आलियांस फ्रांसेज किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचचा प्राथमिक वर्ग केला असेल तर फोनवर आरक्षण करताना तो कामी येतो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासविमा आणि राहण्याच्या आरक्षणांचे पुरावे लागतात. दहा वेगवेगळ्या गावांची आरक्षणे जोडताना तारीख, गाव आणि अंतर यांचा एक तक्ता वर लावावा, म्हणजे अर्ज तपासणाऱ्याला प्रवास समजतो. मुंबईहून पॅरिस, तिथून वेगवान रेल्वेने सुमारे दोन तासांत लियों आणि पुढे सँत-एतियेनमार्गे ल प्वी असा प्रवास करावा.

परतीचा विचार मात्र आधीच करावा, कारण कोंकला रेल्वे नाही. सामान नेणाऱ्या सेवेची गाडी हंगामात ल प्वीला परत आणते. अन्यथा आणखी दोन-तीन दिवस चालून फिजाक गाठावे, तिथे स्थानक आहे. रजा आठवड्याभराचीच असेल तर उलट फिजाकहूनच सुरुवात करून सेले नदीच्या खोऱ्यातून 'जीआर ६५१' ने काओरकडे जावे. हा चुनखडीचा प्रदेश असल्याने खोऱ्यावरच्या पठारांवर पाणी टिकत नाही, म्हणून माणशी दोन लिटर पाणी भरून घ्यावे. वाटेत काब्रेरेजवळ पेश मेर्लची प्रागैतिहासिक चित्रांची गुहा आहे. तिथे रोज मर्यादित लोकांनाच आत सोडतात, तेव्हा तिकीट निघण्यापूर्वी पुण्यातूनच काढावे आणि त्या दिवशीचा टप्पा तिकिटाच्या वेळेप्रमाणे बेतावा.